हॉर्न, अर्थ आणि मजुरी

आमच्या बाबांकडे १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींची सद्दी २०२३ च्या ऑक्टोबरात संपली, त्या दिवशी बाबा जरा गप्प गप्पच होते. आमची अजून चालते. (म्हणजे, चालवून घ्यावी लागते!)

तर झालं असं, की पावसाळा संपता संपता तिचा हॉर्न बसला. बटण दाबलं की घशात कफ अडकल्यासारखा आवाज. बाबा ७८ वर्षांचे, रोज सकाळी मंडईत गाडी नेतात. त्यात रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाची तपासणी तोंडावर आलेली. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी ती असतेच. हॉर्नशिवाय गाडी दाखवणार कशी?

नेहमीचा मेकॅनिक म्हणाला, "साहेब, हॉर्न गेला." नवी जोडी बसवली, ८०० रुपये. आवाज तोच. मग म्हणाला, "रिले गेला." तो बदलला. आवाज तोच! "आता वायरिंग नवीन करू," म्हटल्यावर मी गाडी घरी आणली.

शनिवारी बॉनेट उघडून बसलो. जुना हॉर्न दोन वायरी लावून थेट बॅटरीवर टेकवला. अख्खी सोसायटी खिडकीत! म्हणजे हॉर्न ठणठणीत. बटण दाबल्यावर रिले टक् करत होता, म्हणजे बटणापर्यंतची बाजूही बरी. हॉर्नची वायर काढून मल्टिमीटर लावला, १२.४ व्होल्ट. सगळंच बरोबर, मग बिघाड कुठे?

इथे मी फसलो होतो. वायर काढलेली, प्रवाहच वाहत नाही, तर व्होल्टेज घटणार कुठे? भार नसताना घेतलेलं माप खोटं धैर्य देतं. आमच्या धंद्यात नाही का, एक माणूस वापरत असताना प्रोग्रॅम झक्क चालतो आणि हजार आले की बसतो!

मग वायर परत जोडली आणि बाबांना बटण दाबून धरायला सांगितलं. हॉर्नचं अंग आणि बॅटरीची ऋण बाजू यांच्यात मोजलं. तिथे जवळजवळ शून्य हवं. निघाले ५ व्होल्ट! या हॉर्नला वायर एकच. परतीचा रस्ता ब्रॅकेटमधून गाडीच्या पत्र्यात. आणि पत्र्यावर होता रंग. दीड वर्षापूर्वी हौसेने मीच काढून घेतलेला. बोल्टने रंग खरवडून जेमतेम संपर्क धरला होता, पावसाळ्यात तिथे गंज आला. पॉलिशपेपरने पत्रा उघडा केला, बोल्ट घट्ट केला, वर थोडं ग्रीस लावलं. खर्च शून्य, वेळ अडीच तास.

"आधी अर्थ बघायचा," बाबा शांतपणे म्हणाले. (हे आधी सांगायला काय झालं होतं?)

आता तुम्ही म्हणाल, मेकॅनिक अडाणी. मला तसं वाटत नाही. पूर्वी एकदा त्याने तासभर शोधून एक सैल वायर पकडली होती आणि २०० रुपये मागितले होते. "एक वायर तर घट्ट केलीस!" असं म्हणून मी १०० च टेकवले. नव्या हॉर्नचे ८०० मात्र मुकाट्याने दिले. पार्टचे पैसे आपण देतो, शोधण्याचे देत नाही. मग त्याने शोधावं तरी कशासाठी? तो बदलतच जाणार.

आणि मी? दोन दिवस डोकं खपवून एक ओळ दुरुस्त केली आणि कोणी "एवढंच?" म्हटलं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

असो. सोमवारी त्याचे राहिलेले १०० रुपये देऊन आलो. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, हॉर्न कशात होता?"