उजळाईवाडीची धावपट्टी आणि आपली मुले

कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीत विमानतळ उभा राहिला १९३९ साली. देश स्वतंत्र व्हायला तेव्हा आठ वर्षे बाकी होती. छत्रपती राजाराम महाराजांनी आपल्या संस्थानासाठी तो बांधून घेतला. पुढे राज्य सरकारने तो नव्याने विकसित केला, नंतर तो भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेला आणि धावपट्टी १,९३० मीटरपर्यंत वाढली. १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. आज कोल्हापूरहून विमानाने जाणे ही अप्रूपाची गोष्ट राहिलेली नाही.

पण पंचाऐंशी वर्षांच्या या वाटचालीत एक प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. या धावपट्टीवरून विमानात बसून जाणारे वाढले. विमान चालवणारे, दुरुस्त करणारे, टॉवरमधून त्याला वाट दाखवणारे किती तयार झाले? राजाने विमानतळ दिला, सरकारने टर्मिनल दिले; विमानविद्या शिकवणारे सरकारी महाविद्यालय मात्र कोल्हापूरला मिळाले नाही.

हा प्रश्न मुस्लिम तरुणांच्या मासिकात कशाला, असे कुणाला वाटेल. त्याचे उत्तर याच शहरात आहे. राजाराम महाराजांचे वडील राजर्षी शाहू महाराज यांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानातल्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. नोकरीचे दार उघडले, तरी त्या दारापर्यंत पोहोचायला शिक्षण हवे आणि शिक्षणासाठी गावाकडच्या मुलाला शहरात राहायला जागा हवी, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी जातीजातींची वसतिगृहे काढायला मदत केली. १९०६ मध्ये कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः घेतले आणि मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. वडिलांनी बोर्डिंग दिले, मुलाने विमानतळ दिला. या दोन वारशांची गाठ घालून देणारी संस्था उभी राहायची आहे.

क्लबपासून अकादमीपर्यंत

भारतात विमान शिकवण्याची सुरुवात कॉलेजांतून झाली नाही, ती क्लबांतून झाली. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा. जे. आर. डी. टाटा यांना १९२९ च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. या क्लबांना सरकारी अनुदान मिळे, पण तिथे शिकायला जाणारे बहुतेक खात्यापित्या घरचे असत. उडणे हा त्या काळी श्रीमंतांचा शौक होता.

स्वातंत्र्यानंतर हळूहळू सरकारने या शिक्षणाची जबाबदारी स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली. बंगळुरूजवळ जक्कूरला सरकारी फ्लाइंग स्कूल आले. हैदराबादला राज्याची एव्हिएशन अकादमी झाली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने उत्तर प्रदेशात फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उड़ान अकादमी काढली. तिथे प्रवेश परीक्षेतून होतो आणि जागांना आरक्षण आहे. आपल्या राज्यात गोंदियाजवळ बिरसीच्या विमानतळावर वैमानिक प्रशिक्षणाची मोठी संस्था उभी राहिली. अमरावतीला एअर इंडियाने वर्षाला १८० वैमानिक घडवणारी शाळा जाहीर केली आहे.

महाराष्ट्र सरकारची म्हणावी अशी जुनी संस्था मात्र एकच, नागपूर फ्लाइंग क्लब. स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू झालेल्या या क्लबाने अनेक वैमानिक दिले. तिचा इतिहास आपण नीट वाचायला हवा, कारण सरकारी विमानविद्या कशी चालते आणि कशी बंद पडते, हे दोन्ही धडे त्यात आहेत.

फ्लाइंग स्कूल म्हणजे इमारत आणि पाटी नव्हे. त्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, मान्यता लागते. मान्यतेसाठी मुख्य उड्डाण प्रशिक्षक लागतो. उडण्याच्या स्थितीतली विमाने लागतात, त्यांची ठरलेल्या तासांनी होणारी तपासणी लागते, परवानाधारक अभियंते लागतात. यातला एक दुवा निसटला की बाकी सगळे असूनही विमान जमिनीवर राहते. अनुभवी प्रशिक्षकाला विमान कंपन्या कितीतरी जास्त पगार देतात. सरकारी क्लबातली जागा मात्र भरतीच्या फायलीत अडकते. नागपूरला गेल्या दशकात प्रशिक्षण काही वर्षे ठप्प झाले, ते अशाच कारणांनी. त्या काळात खासगी संस्था चालूच होत्या. म्हणजे ज्याच्याकडे पैसा होता त्याचे काही अडले नाही. ज्याला सरकारी दाराशिवाय दुसरे दार नव्हते, त्याची वर्षे गेली.

आणि या शिक्षणात वर्षे जाणे फार महाग पडते. उड्डाणाचे तास, परीक्षांचे निकाल, वैद्यकीय तपासणी, सगळ्यांना मुदत असते. दीड-दोन वर्षांत संपायचा अभ्यासक्रम लांबला की जुने कागद बाद होऊ लागतात आणि खर्च पुन्हा सुरू होतो.

परवान्याची किंमत

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवायला बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे. वय किमान १८ हवे. शिकाऊ परवाना १६ व्या वर्षीही मिळतो. पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी पार करावी लागते. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम, तांत्रिक विषय यांच्या परीक्षा, रेडिओ संभाषणाचा परवाना आणि २०० तासांचे उड्डाण. हे सगळे एखाद्या चुणचुणीत मुलाला वा मुलीला जमण्यासारखे आहे. न जमण्यासारखी असते ती फी. आज हा खर्च चाळीस लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. त्यानंतर ठरावीक जातीचे मोठे विमान चालवण्याचे प्रशिक्षण वेगळे, त्याचे आणखी काही लाख.

शाहूपुरीतल्या गॅरेजवाल्याने, लक्ष्मीपुरीतल्या भुसार दुकानात हमाली करणाऱ्याने किंवा इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराने एवढी रक्कम आणायची कुठून? बँक तारण मागते. आपल्या अनेक घरांत व्याजाच्या कर्जाला मनातूनच नकार असतो, तो वेगळा. मौलाना आझाद महामंडळाचे शैक्षणिक कर्ज या रकमेपुढे तुटपुंजे आहे. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाला मदत करणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना २०२२ मध्ये बंद झाली. अल्पसंख्याक संशोधकांची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही त्याच वर्षी बंद झाली. म्हणजे गरज वाढत असताना हाताशी असलेल्या काठ्या कमी होत गेल्या.

तरीही वाट निघते, हे हैदराबादच्या सय्यदा सल्वा फातिमा यांनी दाखवले आहे. वडील बेकरीत कामाला. मुलगी अभ्यासातून पुढे आली; ‘सियासत’ या उर्दू दैनिकाच्या संपादकांनी तिची जिद्द ओळखून हात दिला; राज्याच्या एव्हिएशन अकादमीत ती शिकली; पुढच्या महागड्या प्रशिक्षणाला तेलंगण सरकारने पैसे दिले. आज त्या प्रवासी विमान चालवतात. त्यांच्या कर्तृत्वाचे कौतुक आपण करतो, पण त्यामागची साखळी पाहत नाही. मुलीची जिद्द, घरच्यांचा पाठिंबा, समाजातल्या एका संस्थेची मदत, सरकारी अकादमी आणि सरकारी पैसा. या पाचांपैकी पहिले दोन आपल्या घरांत आजही सापडतात. उरलेले तीन उभे करावे लागतात.

आज काय हाती आहे?

राज्य सरकारची ‘महाज्योती’ ही संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षण देण्याची योजना राबवते. प्रशिक्षणाचा खर्च संस्था उचलते. जागा मोजक्याच, विसाच्या घरात. पण ही योजना आपल्यालाही लागू आहे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी, मण्यार असे अनेक मुस्लिम समाज राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. छप्परबंद विमुक्त जातींत आहेत. त्यासाठी आपल्या माणसांनी वर्षानुवर्षे चळवळ केली. ते दाखले कपाटात ठेवण्यासाठी मिळवलेले नाहीत. जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर आणि वैधता प्रमाणपत्र या तीन कागदांची तयारी अकरावीतच सुरू करावी. जाहिरात निघाल्यावर तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला मुदत गाठता येत नाही.

जे या यादीत बसत नाहीत, त्यांचे काय? ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ ही संशोधन व प्रशिक्षण संस्था मंजूर केली. मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या धर्तीवरची ही संस्था आहे. मग महाज्योतीप्रमाणे मार्टीनेही वैमानिक प्रशिक्षणाच्या काही जागांचा खर्च उचलावा, ही मागणी वाजवी आहे. त्यात कुणाच्या ताटातले ओढून घ्यायचे नाही.

कॉकपिट हीच एक जागा नाही, हेही समजून घेऊ. विमानतळ प्राधिकरण हवाई वाहतूक नियंत्रकांची भरती खुल्या परीक्षेतून करते. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी केलेला विद्यार्थी किंवा अभियंता तिला बसू शकतो. निवडीनंतरचे प्रशिक्षण प्राधिकरणच देते. लाखोंची फी नाही, लागतो तो अभ्यास. दुसरा रस्ता विमान देखभाल अभियंत्याचा. डीजीसीए-मान्य संस्थेतला हा अभ्यासक्रम वैमानिकाच्या तुलनेत पुष्कळ स्वस्त आहे. नागपूरच्या मिहानमध्ये विमानांचे मोठे देखभाल केंद्र आहे. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारे मिस्त्री कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत आणि त्यांत आपली माणसे कमी नाहीत. हुनर घरात आहे. त्याला परवान्याचा कागद जोडायचा आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप नेहमीचा : दहावीच्या आत शाळा सोडणारी मुले इतकी असताना वीस वैमानिकांचे कौतुक कशाला? आक्षेप खोटा नाही. शाळागळती हा मोठा प्रश्न आहे आणि तो मोठाच राहील. पण शाळेत का टिकायचे, याचे उत्तर मुलाला आपल्या मोहल्ल्यात दिसावे लागते. शिकूनही दुकानावरच बसायचे, असे त्याला दिसत असेल तर तो आठवीतच बसतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा : परवाना घेऊनही बेकार बसलेले वैमानिक आहेत. हेही खरे. विमान कंपन्यांची भरती लाटांसारखी येते आणि ओसरते. २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले आणि त्याच वर्षी एअर इंडिया व इंडिगोने शेकडो नवी विमाने मागवली. पण सगळ्यांना लगेच नोकरी मिळते असे नाही. म्हणूनच घर, शेत किंवा अम्मीचे दागिने मोडून खासगी संस्थेत उडी घेऊ नका, असे आम्ही स्पष्ट सांगतो. चकचकीत जाहिरातीला भुलण्याआधी तीन गोष्टी विचारा : डीजीसीएची मान्यता आजही चालू आहे का, उडणारी विमाने किती, आणि मागच्या तुकडीने २०० तास किती महिन्यांत पूर्ण केले. सरकारी महाविद्यालय हवे ते यासाठीच. तिथे धोक्याचा मोठा भाग सरकार उचलते, गरिबाचे घर नाही.

कोल्हापूरची मागणी

केंद्राने २०२० नंतर विमानतळांवर प्रशिक्षण संस्थांना जागा देण्याचे धोरण सैल केले. २०२१ च्या पहिल्या फेरीत निवडलेल्या पाच विमानतळांत आपल्या राज्यातले जळगाव होते आणि कोल्हापूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचे बेळगाव होते. मग कोल्हापूर का नाही, हा प्रश्न खासदार-आमदारांना विचारायला हवा. वर्दळीच्या धावपट्टीवर शिकाऊ उड्डाणांना वेळ देणे अवघड असेल, तर निदान जमिनीवरचे शिक्षण इथे सुरू होऊ शकते. शिवाजी विद्यापीठाने विमान वाहतुकीचा अभ्यासक्रम काढावा; गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत विमानतळाला लागून आहे, तिथल्या कारखान्यांशी देखभाल अभियंत्यांचे शिक्षण जोडावे; उड्डाणाचे तास नागपूर किंवा अन्य सरकारी संस्थेत पूर्ण व्हावेत. हे महाविद्यालय मुस्लिमांचे नको, सगळ्यांचे हवे. फक्त फीच्या तक्त्यात शाहू महाराजांची आठवण राहावी.

७ जून २०२३ चा कोल्हापूर बंद आणि १४ जुलै २०२४ चे गजापूर आपण विसरलेलो नाही. अशा दिवसांनंतर आपल्या तरुणांच्या मनात एक गोष्ट हळूच घर करते : डोके खाली घालून जगावे, फार मोठे मागू नये. नुकसानभरपाई, पंचनामे, खटले यांचे काम चालू राहिले पाहिजे. पण आकांक्षा आखडणे हे असे नुकसान आहे की त्याचा पंचनामा कुणी करत नाही. इद्रिस हसन लतीफ हे नाव अशा वेळी आठवावे. फाळणीत त्यांनी भारताचे हवाई दल निवडले, १९७८ ते १९८१ या काळात त्याच दलाचे प्रमुख झाले आणि नंतर महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून मुंबईत आले. मागायचे ते नागरिक म्हणून, हक्काने मागायचे, हे त्यांच्या आयुष्यातून शिकता येते.

जूनमध्ये अकरावीचे प्रवेश सुरू होतील. विज्ञान घेणाऱ्या मुलामुलींनी, विशेषतः मुलींनी, गणित सोडू नये. जीवशास्त्राच्या जोडीला ते ठेवता येत असेल तर जरूर ठेवावे. एका विषयाची ती खूण चुकली की वैमानिक, नियंत्रक, अभियंता ही तिन्ही दारे बंद होतात. मोहल्ला कमिट्यांनी, बोर्डिंगच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि मशिदींच्या विश्वस्तांनी या उन्हाळ्यात एक संध्याकाळ दहावीच्या मुलांसाठी ठेवावी आणि हे कागद, या परीक्षा, या योजना समजावून सांगाव्यात. मार्टीकडे आणि विद्यापीठाकडे निवेदने जातील तेव्हा त्यांच्यासोबत पात्र विद्यार्थ्यांची यादीही जायला हवी. यादी हातात असली की योजनेला विद्यार्थीच मिळत नाहीत, असे सांगायला कुणाला जागा उरणार नाही.