बंदोबस्तातील तहान

अनंत चतुर्दशीच्या बंदोबस्तात पहाटेपासून उभी असलेली महिला शिपाई पाण्याची बाटली ओठांपर्यंत नेऊन पुन्हा खाली ठेवते, कारण जवळपास शौचालय नाही. आणि मध्यरात्री घरी परतल्यावर उद्याच्या डब्याची कणीकही बहुधा तिलाच मळावयाची असते. तिच्या शेजारचा हवालदार आपली व्यथा कोणापाशी उच्चारीतच नाही, कारण खात्यात पुरुषाचे अश्रू दौर्बल्यात जमा होतात. तसाच, स्त्रीचे मनोधैर्य उपजतच कमी, हा समजही मला सर्वथा अन्याय्य वाटतो. २०२१ मध्ये नागपूर शहर, अमरावती शहर व पुणे ग्रामीण येथे महिला अंमलदारांची पाळी बारांवरून आठ तासांवर आणण्याचा प्रयोग झाला, तो स्वागतार्हच. परंतु तीच आठ तासांची पाळी त्या हवालदारालाही लागू व्हावी, आणि बंदोबस्ताच्या नकाशावर चौकीइतक्याच ठळकपणे शौचालयही दाखविले जावे.