कार्यशाळेच्या बाहेर कामाची एक जागा

हे आवाहन महाराष्ट्रातल्या दुकानदारांना, लघुउद्योजकांना, रुग्णालये, ग्रंथालये आणि पतसंस्था चालवणाऱ्यांना, ग्रामपंचायतींच्या सदस्यांना आणि विशेष मुलांच्या पालकांना आहे. दिवाळी जवळ आली की बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुण-तरुणींनी रंगवलेल्या पणत्या, उटण्याची पाकिटे आणि कागदी पिशव्या घ्या, असे सांगणारी पत्रके आपल्याकडे येतात. ती खरेदी जरूर करावी. पण माझे मागणे त्याहून अवघड आहे. तुमच्या कामाच्या ठिकाणी या तरुणांपैकी एकाला प्रत्यक्ष काम शिकण्यासाठी जागा द्या.

अठराव्या वर्षानंतर या मुलांचे काय होते, ते आधी पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मोफत शिक्षणाचा हक्क देतो तो सहा ते अठरा या वयासाठी. त्यानंतर जवळपास अशा तरुणांना वस्तू बनवायला शिकवणारी कार्यशाळा असेल आणि तिथे जागा असेल तर मुलगा तिकडे जातो. नसेल तर घरी बसतो. शाळेत दहा-बारा वर्षे कष्टाने शिकवलेले पैसे मोजणे, वेळ ओळखणे, सांगितलेले काम क्रमाने करणे घरात बसून हळूहळू विसरले जाते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१८ मधल्या पाहणीनुसार देशातल्या १५ वर्षांवरील दिव्यांग व्यक्तींपैकी जेमतेम २३ टक्के लोक काम करत होते. हा आकडा सर्व प्रकारच्या दिव्यांगांचा एकत्रित आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्यांचा वेगळा हिशेब काढला, तर तो याहून बरा निघेल असे मानायला कोणताच आधार दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत अशा व्यक्तींची संख्या देशभरात १५ लाखांवर नोंदली गेली होती. सरकारी नोकरीचे दार कायद्याने थोडे उघडले आहे. दिव्यांगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यातल्या तीन टक्के आरक्षणात या गटाला स्थानच नव्हते. २०१६ च्या कायद्याने आरक्षण चार टक्के केले आणि त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून दिला. पण त्या पदांनाही शैक्षणिक पात्रता लागते आणि बहुधा लेखी परीक्षाही. जिची शिकण्याची गती पाचवीच्या पुस्तकापाशी थांबली, तिला या आरक्षणाचा काय उपयोग? तिला काम मिळालेच तर ते गावातल्या, पेठेतल्या, औद्योगिक वसाहतीतल्या माणसांकडूनच मिळेल.

मग कार्यशाळा कशासाठी आहेत, असे कोणी विचारील. मुंबईत १९४४ साली जय वकील शाळा सुरू झाली, पुण्यात १९६४ साली कामायनी. रत्नागिरीत आविष्कार संस्थेची श्यामराव भिडे कार्यशाळा आहे. अशा संस्थांनी एक गोष्ट सिद्ध करून ठेवली आहे, ती म्हणजे ही मुले काम करू शकतात. त्यांचे हे ऋण मोठे आहे. अडचण कार्यशाळेच्या दर्जाची नाही, तिच्या चार भिंतींची आहे. बौद्धिक अक्षमतेत एका ठिकाणी शिकलेले कौशल्य आपोआप दुसऱ्या ठिकाणी जात नाही, हे प्रत्येक विशेष शिक्षकाला ठाऊक असते. कार्यशाळेत अर्धा किलो साबुदाणा अचूक तोलणारी मुलगी किराणा दुकानात गेली की काटा वेगळा असतो, पिशवी वेगळी असते, फोन वाजत असतो आणि मध्येच कोणी म्हणते, ‘ते राहू दे, आधी हे वरच्या फळीवर लाव.’ तिची क्षमता तीच आहे, पण ती नेमकी जिथे वापरायची त्या जागी तिला कोणी शिकवलेलेच नसते. उत्पादनांची निवडही बहुधा शिकवायला काय सोपे आणि सहानुभूतीने काय विकले जाईल, यावर ठरते. मेणबत्त्या उत्तम करणारा तरुण मेणबत्तीच्या कारखान्यात लागला, असे क्वचितच घडते.

याला पर्याय आहे आणि तो आजचा नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकात मार्क गोल्ड या शिक्षणतज्ज्ञाने, ज्यांना काहीच शिकवता येणार नाही असे ठरवून टाकले होते अशा तीव्र बौद्धिक अक्षमतेच्या व्यक्तींना सायकलच्या ब्रेकची जोडणी शिकवली. सुटे भाग डझनाहून जास्त, आणि प्रत्येकाचा क्रम ठरलेला. त्याने कामाचे अगदी लहान टप्पे पाडले, तोंडी सूचना कमी केल्या, हाताने करून दाखवले आणि चूक झाली की त्याच टप्प्यावर वेगळी पद्धत वापरून पाहिली. काम जमत नसेल तर आधी शिकवण्याची रीत तपासायची, हा त्याचा आग्रह होता. पुढे १९९६ मध्ये सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात ‘प्रोजेक्ट सर्च’ सुरू झाला. तातडीच्या उपचार विभागातल्या परिचारिका एरिन रीली यांच्यासमोर एक रोजचाच प्रश्न होता : साहित्याच्या कप्प्यांत सुया, पट्ट्या, हातमोजे वेळच्या वेळी भरणारी माणसे टिकत नव्हती. काम अतिशय महत्त्वाचे, पण सतत तेच ते. त्यांनी ते बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांना शिकवले. आता हा कार्यक्रम अनेक देशांत चालतो. शाळेच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी रोज रुग्णालयात किंवा कंपनीतच येतात, वर्षभरात तीन वेगवेगळ्या विभागांत काम करतात आणि शिक्षकही तिथेच असतो. आपल्याकडेही दाखले आहेत. लेमन ट्री हॉटेलांत डाऊन सिंड्रोम असलेले तरुण काम करतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात २०२३ मध्ये दिव्यांग व्यक्ती चालवत असलेले ‘मिट्टी कॅफे’ सुरू झाले. मात्र हे सारे मोठ्या शहरांत आहे, आणि आपली बहुतेक मुले सांगली, जालना, चिपळूण, गोंदिया इथल्या घरांत आहेत.

व्यावसायिकांचा पहिला आक्षेप वेगाचा असतो. हा मुलगा सावकाश काम करील, ते आम्हाला परवडणार नाही. सुरुवातीला तो सावकाशच करील. म्हणून त्याला गल्ल्यावर बसवू नका. प्रत्येक व्यवसायात अशी कामे असतात की जी इतरांना कंटाळवाणी वाटतात आणि म्हणून अर्धवट राहतात : परत आलेली पुस्तके क्रमाने लावणे, रुग्णालयातल्या चादरींच्या घड्या, खानावळीत भाजी निवडणे, रोपवाटिकेत पिशव्या भरणे, मालावर किमतीच्या चिठ्ठ्या लावणे. क्रम ठरलेला असला की यातली पुष्कळ मुले तो मोडत नाहीत, आणि काम तेच ते असण्याचा त्यांना त्रास होत नाही. पहिले काही आठवडे विशेष शिक्षक सोबत थांबेल, टप्प्यांची छायाचित्रे भिंतीवर लावील, मग हळूहळू बाजूला होईल. अशा लहानसहान बदलांना कायदा वाजवी सोय म्हणतो, आणि त्यांना फारसा खर्च येत नाही. ज्यांच्याकडे तीस किंवा अधिक कर्मचारी आहेत त्यांना शिकाऊ उमेदवार घेणे तसेही बंधनकारक आहे. त्यातली एखादी जागा या तरुणांपैकी कोणाला देता येईल का, याची चौकशी करावी, एवढेच म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. मुलगी बसने एकटी जाणार कशी, तिथे कोणी तिचा गैरफायदा घेतला तर काय, पगार सुरू झाला आणि संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान उत्पन्नाच्या अटीमुळे बंद पडले तर? यातली एकही भीती उगाच आलेली नाही. त्यामुळे मुलीला शक्यतो एकटीला पाठवू नये, एकाच ठिकाणी दोघे शिकतील असे पाहावे. तिथली जबाबदार व्यक्ती कोण, हे नावानिशी लिहून ठरावे, आणि शिक्षकाने न कळवताही भेट द्यावी. प्रवासाचे शिक्षण चौदाव्या-पंधराव्या वर्षी सुरू व्हावे : आधी सोबतीने, मग दोन आसने मागे बसून, मग थांब्यावर वाट पाहत. अनुदानाचा प्रश्न शासनाने सोडवायचा आहे. मिळकत सुरू होताच मदत एकदम तोडण्याऐवजी ती टप्प्याटप्प्याने कमी करावी, ही मागणी पालक संघांनी लावून धरली पाहिजे. २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते स्थापन केले. अशा मागण्या ऐकून घेण्यासाठीच ते आहे.

शिकवण्याच्या नावाखाली फुकट राबवून घेतले जाईल, ही शंकाही रास्त आहे. तिच्यावर उपाय एकच : प्रशिक्षणाची मुदत आधी ठरवायची, त्या काळात विद्यावेतन द्यायचे आणि काम जमू लागले की त्या कामाचे ठरलेले वेतन द्यायचे. वेतन द्यायची तयारी नसेल त्याने जागा देऊ नये. ज्यांची अक्षमता इतकी तीव्र आहे की बाहेरचे काम झेपणार नाही, त्यांच्यासाठी कार्यशाळा हव्यातच. बाकीचे बाहेर पडू लागले तर तिथे त्यांना जागाही मिळेल आणि शिक्षकांचा वेळही.

ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायचा असतो. त्यातला काही भाग या तरुणांच्या प्रवासभाड्यासाठी आणि सोबत जाणाऱ्या शिक्षकाच्या मानधनासाठी ठेवता येईल का, हा विषय येत्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत मांडा. दुकानदार आणि उद्योजकांनी या आठवड्यात आपल्याकडच्या रोज ठरावीक क्रमाने होणाऱ्या चार-पाच कामांची यादी करावी आणि ती घेऊन जवळच्या विशेष शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावे. यादीतले कोणते काम कोणत्या मुलाला जमेल, हे तिथले शिक्षक सांगतील. सुरुवात आठवड्यातून दोन दिवस, रोज दोन तास, एवढीच असली तरी चालेल.