आधी कारण विचारा

प्रशासनात येण्यापूर्वी मी दोन वर्षे एका महाविद्यालयात शिकवीत होतो. हजेरी कमी भरल्याने एका विद्यार्थ्याला परीक्षेस बसू देऊ नये, अशी शिफारस मी केली. तो पहाटेपर्यंत मालधक्क्यावर हमाली करीत असे, हे मला नंतर कळले. मी त्याला कारण विचारलेच नव्हते.

प्रवेश दिला की शिक्षण सुलभ झाले, असे आपण प्रशासक मानतो. १९८५ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठामुळे नोकरी सांभाळून शिकता येऊ लागले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव झाल्या. ही दारे उघडणे आवश्यकच होते. परंतु आत आलेल्या विद्यार्थ्याला तासाची वेळ साधते का, शिकविण्याची भाषा उमगते का, हे वर्गातील शिक्षकालाच दिसू शकते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. हजेरीअभावी परीक्षा नाकारण्यापूर्वी शिक्षकाने विद्यार्थ्याशी बोलून कारणाची लेखी नोंद करावी, असा नियम असावा. यास निधी लागत नाही. तो नियम तेव्हा असता, तर माझ्या हातून एका विद्यार्थ्याचे वर्ष वाया गेले नसते.