सुरतेहून आलेल्यांना वेशीवर अडवू नका



हा अंक निघायला आठ दिवस उशीर झाला. कारण तुम्हाला ठाऊकच आहे. गेला महिनाभर जो तो एकच विचारतोय, प्लेग आपल्याकडं येणार का? म्हणून कन्नड तालुक्यातल्या बैठकीला या खेपेला औरंगाबादहून आपले एक डॉक्टर मित्र मुद्दाम बोलावले होते. जमिनीचे विषय बाजूला राहिले, रात्री बारापर्यंत रोगावरच बोलणं चाललं. तेच इथं लिहितो. ज्यांना वाचता येतं त्यांनी इतरांना वाचून दाखवावं.

डॉक्टरांनी आधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावाची गोष्ट सांगितली. १९९३ साली ३० सप्टेंबरला भूकंप झाला. त्याच्या धसक्यानं तिथली माणसं घरं सोडून बाहेर राहायला लागली. दाणा मात्र घरातच राहिला. बंद घर आणि भरलेली कणगी म्हटल्यावर उंदरांची चैनच. १९९४ च्या ऑगस्टात घराघरांत उंदीर मरून पडू लागले, पिसवा झाल्या, आणि मग माणसांना ताप आणि जांघेत, काखेत गाठी. हा गाठीचा प्लेग. तो पिसवेच्या चाव्यानं होतो, एका माणसाकडून दुसऱ्याकडं सहसा जात नाही. सुरतेत सप्टेंबरात जो झाला तो छातीचा. तो खोकल्यातून पसरतो, झपाट्यानं मारतो, आणि चोवीस तासांच्या आत औषध चालू झालं तर माणूस वाचतो. औषध काही मोठं अमेरिकेतून यावं लागत नाही. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या, स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. (गरोदर बाईला आणि लहान पोराला टेट्रासायक्लिन आपल्या मनानं देऊ नका, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं.)

एका म्हाताऱ्या आजीनं सगळ्यांच्या मनातलं विचारलं. ‘आम्ही बिळं खणतो, दाणे काढतो, उंदीर खातो. आता काय करायचं?’ पांढरपेशा माणूस असता तर नाक मुरडलं असतं. डॉक्टर म्हणाले, आजी, शिजवलं की जंतू मरतो. धोका धरताना आहे, अंगावर पिसवा येतात. तेव्हा यंदाचा हंगाम बिळं खणू नका. मेलेला उंदीर दिसला तर हात लावायचा नाही, काठीनं ढकलून रॉकेल टाकून जाळायचा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात कळवायचं. आणि उंदरांचं औषध आधी टाकू नका! उंदीर मेला की पिसवा गार अंग सोडून माणसाकडं येतात. आधी बिळांत पावडर मारून पिसवा मारायच्या, मग उंदीर.

आता मुख्य गोष्ट. सुरतेहून लाखो लोक चार दिवसांत पळाले. त्यात आपले किती आहेत! अक्राणी, तळोद्यापासून इकडं सोयगावपर्यंत, ज्याची जमीन सरकारी कागदावर नाही त्याचं पोर सुरतेच्या मागावर नाही तर साखर कारखान्याच्या फडावर असतं. ते पोर घाबरून घरी आलं तर काही गावांनी त्याला वेशीवरूनच परत पाठवलं. आपल्या म्हणवणाऱ्या गावांनी. पूर्वी मरीआईचा गाडा शिवेबाहेर ढकलायचे, म्हणजे रोग शेजारच्या गावाला. आता माणूसच ढकलतोय आपण.

डॉक्टरांचा सल्ला सोपा आहे. आलेल्याला गावाबाहेरच्या खोपीत सात दिवस वेगळं ठेवा, भाकरपाणी द्या, तोंडाला फडकं बांधा. ताप-खोकला आला तर लगेच दवाखान्यात न्या. सात दिवस काही झालं नाही तर त्याला प्लेग नाही, घरात घ्या. १८९७ साली पुण्यात प्लेग होता तेव्हा सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोरगं पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या दवाखान्यात नेलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. तेव्हा औषध नव्हतं. आज आहे, तरी आपण पोराला पाणी द्यायला भितो.

गाव सोडून रानात पळायचंही काहींच्या मनात आहे. सांगून ठेवतो, पळू नका. बाजरी काढायची आहे, कपाशी उभी आहे. प्लॉट ओस दिसला की पंचनाम्यात ‘वहिवाट नाही’ लिहायला किती वेळ लागतो? १९७८ च्या आधीची वहिवाट दाखवता दाखवता आपल्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या.

डॉक्टर शेवटी जे बोलले ते बैठकीला जरा झोंबलं. म्हणाले, सुरतेत पन्नासेक माणसं गेली तर सगळी दुनिया हलली, विमानं बंद झाली. टीबीनं या देशात दरवर्षी लाखोंनी मरतात. तुमच्या पाड्यावर दर पावसाळ्यात हिवतापानं आणि हगवणीनं लेकरं जातात, त्यासाठी कधी मोर्चा काढलात? खरं सांगायचं तर नाही काढला. आपण मोर्चा काढतो जमिनीसाठी. पण थंडीताप आला की रक्त तपासायचं, हगवण लागली की एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चमचे चहाचे आणि सपाट) घालून घोट घोट पाजत राहायचं, टीबीच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत, एवढं तर मोर्च्याशिवायही होतं. बाकीचं मागावं लागेल. आदिवासी आणि डोंगरी भागात तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र आणि वीस हजाराला एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा सरकारचाच हिशेब आहे. आपापल्या भागात तो मोजून बघा, उपकेंद्राला दार आहे का आणि नर्सबाई राहतात का तेही बघा.

अजून एक. हिवतापवाले फवारणीला येतात, भिंतीवर घराचा आकडा आणि तारीख लिहून जातात. काही बाया सणाला सारवताना ते पुसतात. पुसू नका. या तारखेला या जागी हे घर होतं, असं सरकारच्याच माणसानं लिहिलेलं आहे. केसपेपर काढतानाही नुसतं मोठ्या गावाचं नाव लिहू देऊ नका, पाड्याचं नाव सांगा, लिहिलं का ते कोणाकडून वाचून घ्या. साहेब लोक हा पुरावा मानतील का? ते भांडल्यावर कळेल. दंडाच्या पावत्याही आधी कोणी मानत नव्हतं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीला हे सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा. कोयत्यावर जाणाऱ्यांनी जाण्याआधी घरच्या बाईला कागद कुठं आहेत ते दाखवून जावं. सुरतेहून कोण कोण आलं, किती दिवस झाले, त्यांची तब्येत कशी आहे, याची यादी प्रत्येक पाड्यातून हवी आहे. डॉक्टर परत येणार आहेत.