नाणं कुठे सापडलं, हे आधी विचारा!

लोहगडवाडीच्या एका शेतकरी मित्राने मोबाइलवर जुन्या नाण्याचा फोटो दाखवला. "भाऊ, किती येतील?" कुठे सापडलं ते मात्र सांगेना. मला राग त्याचा नाही, कायद्याचा आला.

निखात निधी कायदा, 1878. जमिनीत 10 रुपयांवरचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा, नाहीतर वर्षापर्यंत कैद. आणि सरकारने नाणं ठेवून घेतलं तर मोबदला? धातूची किंमत, वर तिचा पाचवा हिस्सा! तांब्याच्या नाण्याचे चहापुरतेही होत नाहीत. कोण कळवणार?

इंग्रजांनी स्वतःचा कायदा 1996 ला बदलला. 2010 मध्ये तिकडे फ्रोमजवळ एका आचाऱ्याला उत्तरकालीन रोमन नाण्यांचा रांजण सापडला. त्याने खणणं थांबवून तज्ज्ञ बोलावले. नाणी निघाली 52,503. त्याला आणि जमीनमालकाला मिळून 3 लाख 20 हजार पौंड मिळाले.

आपल्याकडे 1906 ला नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची 13 हजारांवर नाणी एकत्र मिळाली. 9 हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला. कोण हरलं, कोण जिंकलं, ते त्यावरून कळलं. याच नहपानाच्या जावयाचा दानलेख आपल्या कार्ल्याच्या लेण्यात आहे. ती नाणी सुटी सुटी विकली गेली असती तर?

सरकारने बाजारभावाने मोबदला द्यावा, नोंद तलाठ्याकडे होऊ द्यावी. आणि संग्राहक साहेब, जागा न सांगणाऱ्याचं नाणं घेऊ नका. तुमच्या अल्बमात येतं ते नाणं, जातो तो मावळचा इतिहास!