ढोबळी मिरची : वाण निवडताना तोड्यापासून मागे मोजा



कोरडवाहू शेतकऱ्याला सल्ला देणाऱ्यांची या देशात कधी टंचाई नव्हती. कापूस परवडत नाही? ज्वारी परवडत नाही? मग ढोबळी मिरची लावा! लाल-पिवळ्या फळांची पाकिटे दुकानात झळकतात आणि हातातला पैसा तिथे जातो. विहिरीला दिवाळीपर्यंत पाणी पुरणार असेल, तर पाच-दहा गुंठ्यांना माझा विरोध नाही. पण चित्र बघून वाण घेऊ नका.

हिशेब तोड्यापासून उलटा करा. लागवडीपासून हिरव्या फळाच्या तोड्याला दोन-अडीच महिने, त्याआधी रोपाला ३५-४० दिवस. ऑक्टोबरच्या मध्यात तोडा हवा, तर जूनअखेर रोप टाकले पाहिजे. लागवड सप्टेंबरवर गेली की फुले नेमकी ऑक्टोबरच्या उन्हात सापडतात. पारा ३२ अंशांवर गेला की ढोबळीची फुलगळ सुरू होते.

रंगीत फळांचे बहुतेक वाण शेडनेट आणि पॉलिहाऊससाठी आहेत. रंग भरायला फळ आणखी तीन-चार आठवडे झाडावर ठेवावे लागते. उघड्या रानात तेवढ्यात उन्हाचे चट्टे पडतात, अळी शिरते, वर नवे फळ धरत नाही. आपण हिरवेच तोडावे, आणि वाण दाट पानोळ्याचा, मध्यम फळाचा घ्यावा. विजेच्या वेळापत्रकावर पाणी देणाऱ्याच्या रानात ओल कमी-जास्त होते, फळाला चुना पोचत नाही आणि टोक सडते. मोठ्या फळांना हा धोका जास्त.

बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे दोन सरळ वाण पाहा. ‘अर्का मोहिनी’चे फळ १८०-२०० ग्रॅमचे, ‘अर्का गौरव’चे १३०-१५० ग्रॅमचे, पण जीवाणूजन्य मर सोसणारे. आपल्यासाठी मी गौरव निवडीन. काळ्या रानात पाणी साचून मुळे कुजली तर मात्र कोणताच वाण तारत नाही, तेव्हा गादीवाफा हवाच. संकरित वाण जास्त पिकतो, हे खरे. पण ते पीक भरपूर पाणी-खताचे, आणि बी दरवर्षी विकत. सरळ वाणाचे बी घरी धरता येते. फक्त शेजारी तिखट मिरची नको, परागीकरणाने भेसळ होते.

कपाशीला लागून ढोबळी लावू नका. फुलकिडे आणि पांढरी माशी दोन्ही पिकांवर जगतात. लागवडीच्या आधीच भोवती ज्वारीच्या दोन-तीन ओळी पेरा. उडत येणारी कीड बरीचशी तिथे अडते. हा कुंपणाचा खर्च आपल्या घरातलाच!

कापूस घरात ठेवता येतो, ढोबळी नाही. २०१६ साली सरकारने भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला. त्यामुळे माल आडत्याकडेच नेला पाहिजे असे नाही. गावातल्या चार-पाच जणांनी मिळून गाडी कुठे न्यायची, हे लागवडीआधीच ठरवावे.

आणि बियाण्याची पक्की पावती, वाणाचे नाव आणि लॉट नंबर लिहून घ्या. रिकामे पाकीट लेबलासकट जपा. बी फसले तर तपासणीला आलेला अधिकारी पहिल्यांदा तेच मागतो.